मावशीची हेअरपिन

कुठल्याही कंपनीचं नाव घ्या, मी तिच्या संस्थापकाचं बालपण सांगतो! कोणी मोटार ठेवायच्या खोलीत धंदा सुरू केला, कोणी बायकोचं शिलाई मशीन विकून पहिलं यंत्र घेतलं, कोणत्या साबणवाल्याला स्वतःला अंघोळीचा कंटाळा होता, सगळं मला तोंडपाठ. निवृत्त माणसाला दोनच गोष्टी परवडतात: सकाळी फिरायला जाणं आणि माहिती असणं. माझे गुडघे दुखतात. म्हणून मी माहितीवर भर दिला.

त्यामुळे सूनबाईच्या कंपनीत प्रश्नमंजूषा जाहीर झाली, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून म्हणालो, "झालं! पहिला नंबर आपल्या घरात आला असं समज!"

"स्पर्धेत मला उतरायचंय, बाबा."

"तोंड तुझं, डोकं माझं!"

"म्हणजे पोरगी पहिल्याच फेरीत गारद," आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. हिला ऐकू कमी येतं असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी हिला माझ्याबद्दल बोलताना तपासलेलं नाही.

कंपनी 'निश्चिंत' कुलपांची. मीसुद्धा तिच्या प्रसिद्धी विभागात एकतीस वर्षं काढली. सून तिथे तक्रार विभागात आहे. खरं तर ती शिकलीय आराखडे काढायला, पण ती लागली तेव्हा जागा एकच रिकामी होती: टेलिफोनसमोरची. आता कुलपाचं गिऱ्हाईक निश्चिंत असताना फोन करत नाही. ते बंद दारासमोर, हातात पिशव्या घेऊन, पाय आपटत फोन करतं. चार वर्षं ही मुलगी दिवसाला साठ माणसांच्या शिव्या खातेय आणि "आपली अडचण आम्हाला समजते" म्हणतेय. घरी आली की मिळेल त्या कागदावर स्प्रिंगा काढत बसते. माझ्या शब्दकोड्याच्या रिकाम्या चौकोनांत तिने एकदा अख्खं तीन लिव्हरचं कुलूप काढून ठेवलं होतं. शब्दांपेक्षा ते चांगलं बसलं होतं.

आणि कंपनीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त संस्थापकांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या साहेबांनी, जाहीर केलं होतं की कंपनीच्या इतिहासावरची ही स्पर्धा जो जिंकेल, त्याने आपला विभाग स्वतः निवडावा!

"मला फक्त डिझाईन विभागात एक टेबल हवंय, बाबा," सून म्हणाली. "खिडकीजवळचं नसलं तरी चालेल."

अशा वेळी सासऱ्याने मागे राहायचं असतं का? मी कपाटावरून कंपनीच्या गृहपत्रिकेचे जुने अंक काढले. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही! ती दात घासत असली की मी दाराबाहेरून विचारायचो, "पहिल्या कुलपाचं वजन?" ती चपला घालत असली की, "तेहतीस किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला होता?" एकदा तर मी बसस्टॉपपर्यंत प्रश्न विचारत गेलो आणि बसमध्येच चढलो. पायांत घरातल्या सपाता होत्या.

"संस्थापकांना कुलपाची कल्पना कशी सुचली?" हा माझा आवडता प्रश्न.

सून घडाघडा म्हणायची, "लहानपणी ते मावशीच्या डब्यातली बिस्किटं पळवायचे. मावशीने डब्याला कुलूप लावलं. त्यांनी तिचीच हेअरपिन घेऊन ते उघडलं. आणि प्रतिज्ञा केली की मोठेपणी हेअरपिनने न उघडणारं कुलूप बनवीन!"

"शाबास!" मी म्हणायचो, आणि मला आत कुठेतरी खाज सुटल्यासारखं व्हायचं.

कारण ही मावशी मी बनवलेली होती.

त्याचं असं आहे. गृहपत्रिका मी काढायचो. छापखान्यातला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा गृहस्थ, दर महिन्याला शाईचे हात घेऊन दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, "साहेब, बाराव्या पानावर सात ओळी कमी पडतायत!" मग मी चहा निवायच्या आत 'आपणांस ठाऊक आहे का?' अशी चौकट लिहून द्यायचो. आकड्यांना मी कधी हात लावला नाही. आकडे खोटे लिहिले की लोक पकडतात, माणसं खोटी लिहिली की लोक डोळे पुसतात.

खरी हकीकत मला जुन्या फिटरने सांगितली होती. थोरल्या साहेबांना, म्हणजे संस्थापकांना, काढायचा होता छत्र्यांचा कारखाना! काड्या वळवायचं यंत्र मागवलं, आणि खोक्यातून निघालं कुलपांचं. परत पाठवायचं तर सहा महिने जाणार. साहेब खोक्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "राहू दे. लोक भिजले तरी चालेल, चोरी व्हायला नको." मी आधी हेच लिहिलं होतं. व्यवस्थापकांनी लाल शाईने काट मारली आणि खाली लिहिलं: 'संस्थापक चुकत नाहीत.' सात ओळी पुन्हा रिकाम्या! जुळारी दारात! मग मावशी आली.

हे सगळं पचलं असतं. पण गुरुवारी सून घरी आली ती नाचतच.

"बाबा, कळलं का? थोरले साहेब स्वतः येणार आहेत! प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते तेच सांगणार!"

म्हणजे ही मुलगी साऱ्या कंपनीसमोर मावशीची गोष्ट सांगणार, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस म्हणणार, "कोण मावशी?" डिझाईनचं टेबल राहिलं बाजूला, टेलिफोनसमोरची खुर्चीसुद्धा जायची!

शुक्रवारभर मी घरात येरझारा घातल्या. बसलो की उठलो, उठलो की पाणी प्यायलो. शेवटी ही म्हणाली, "पायाला चाकं बसवलीयत तर जाऊन दळण तरी आणा!"

शनिवारी सकाळी नाश्त्याला मी हळूच म्हटलं, "सूनबाई, ती हेअरपिन... नव्हती."

"नव्हती म्हणजे? अंकात छापलंय!"

"मीच छापलंय."

ती खुर्चीवरून अर्धी उठली. "आणि तेहतीस किल्ल्यांचा जुडगा?"

"तोही."

"साहेबांचा विश्वासू कुत्रा?"

"त्या महिन्यात नऊ ओळी कमी होत्या गं..."

"बाबा! मग खरं काय आहे?"

आम्ही अंक पसरून बसलो. खऱ्याचा ढीग एकीकडे, खोट्याचा दुसरीकडे. दहा वाजता खऱ्याच्या ढिगात सगळे आकडे होते आणि माणसांपैकी एकटा फिटर. मी तिला छत्रीच्या यंत्राची हकीकत सांगितली. तिने डोकं धरलं.

"मग मी उत्तर कोणतं देऊ? छापलेलं की खरं?"

"मी पुढच्याच रांगेत असेन," मी म्हणालो. "साहेबांचा चेहरा बघून खूण करीन. मान हलवली तर यंत्र!"

"यांच्या खुणेवर जाऊ नकोस बाई," आमची ही म्हणाली. "लग्नात यांनी खूण करून मला चुकीच्या खुर्चीवर बसवलं होतं."

दुपारी कारखान्याच्या जेवणघरात समारंभ. आत शिरतो तो काय! दाराशी काचेची पेटी, आत लाल मखमल, मखमलीवर एक हेअरपिन, आणि खाली पाटी: 'मावशींची मूळ हेअरपिन.' माझ्या डोक्यातून निघालेली हेअरपिन! माझ्या डोक्यावर केस नाहीत, हेही इथे नमूद करतो.

तेवढ्यात थोरले साहेब काठी टेकत आले. पेटीपाशी थांबले. वाकून पाटी वाचली. आणि कपाळाला आठ्या घालून त्यांनी मान हलवली. नाही, नाही, नाही! तीनदा!

संपलं! म्हाताऱ्याला सगळं लख्ख आठवतंय!

पहिल्या फेऱ्या आकड्यांच्या. पहिल्या कुलपाचं वजन? सून: "चारशे दहा ग्रॅम!" पहिल्या वर्षी कामगार किती? "अकरा!" थोरले साहेब होकार देत होते, जेवणघर टाळ्या पिटत होतं. एकेक विभाग गळाला. शेवटी उरले दोघं, आमची सून आणि लेखा विभागातला एक जाड चष्मेवाला. गुण सारखे!

निवेदक भाड्याने आणलेला होता, त्यामुळे त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "आणि आता निर्णायक प्रश्न! संस्थापकांना कुलपाची कल्पना कशी सुचली?"

घंटी सूनबाईने आधी वाजवली. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब त्या पेटीकडे बघत होते. आठ्या तशाच! मी मान हलवली. जोरात. शेजारचे निवृत्त गोदामप्रमुख म्हणाले, "मान लचकली का हो?"

सूनबाई म्हणाली, "साहेबांना छत्र्यांचा कारखाना काढायचा होता. यंत्र चुकीचं आलं. म्हणून कुलपं."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळे हसले. निवेदकाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी काठी आपटली. "चूक!"

"मावशीच्या हेअरपिनमुळे!" चष्मेवाला किंचाळला.

मी सूनबाईचा चेहरा पाहिला आणि मला राहवलं नाही. मी ताडकन उभा राहिलो, गुडघे विसरून. "साहेब, ती मावशी खोटी आहे! ते सगळं मी लिहिलंय! हिचं उत्तर खरं आहे!"

थोरल्या साहेबांनी माइक हातात घेतला. "तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब."

"ती चौकट? हेअरपिनची?"

"हो. सगळी मीच."

"मग मावशी कशाला लिहिलंत?" साहेब गरजले. "आत्या होती ती! तीस वर्षं मी हे सांगायचं म्हणतोय! आज पाटीवरही तेच!"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आत्या एका पायाने लंगडायची. डब्यावर जहाजाचं चित्र होतं. त्या दिवशी आत दोनच बिस्किटं होती, आणि एक तिने यांच्यासाठीच ठेवलं होतं. जेवणघरात रुमाल निघाले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतका तपशील मी दिलाच नव्हता! सात ओळींत जहाज कुठून मावणार?

चष्मेवाल्याला हार घालण्यात आला. मावशी म्हणाल्याबद्दल त्याला माफ करण्यात आलं. त्याने विभाग निवडला तो लेखाच!

आम्ही दाराकडे निघालो. मी म्हणालो, "सूनबाई, मी..." ती म्हणाली, "आपली अडचण आम्हाला समजते." एवढं मला कोणी कधी झापलं नव्हतं.

तोच शिपाई धावत आला. थोरल्या साहेबांनी दोघांना बोलावलंय!

खोलीत साहेब एकटेच होते. दार लावायला सांगितलं. मग हळू आवाजात विचारलं, "ते यंत्राचं हिला कोणी सांगितलं?"

"मी. मला जुन्या फिटरने."

"आहे का तो?"

"वारला, साहेब."

"बरं झा... वाईट झालं," साहेब म्हणाले. मग सूनबाईकडे वळले. "तू कुठे बसतेस?"

"तक्रार विभागात. फोनवर."

"फोनवर?" साहेबांच्या हातातली काठी पडली. "गिऱ्हाइकांशी बोलतेस? आणि विचारलं की हे असं खरं सांगतेस? सोमवारपासून बंद! ताबडतोब! अशी जागा कुठली आहे आपल्याकडे, जिथे दिवसभर कोणाशी काही बोलावं लागत नाही?"

सूनबाईने खाली वाकून काठी उचलली, त्यांच्या हातात दिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "डिझाईन विभाग, साहेब."

सोमवारी टेबल मिळालं. खिडकीजवळचं! घरी सगळ्यांना मीच सांगितलं की हे माझ्या डोक्यामुळे झालं. कोणी वाद घातला नाही, कारण कोणी ऐकत नव्हतं.

मंगळवारी सून घरी आली ती कागदाची मोठी गुंडाळी घेऊन. जेवायच्या टेबलावर पसरली. माझ्या समोर खुर्ची ओढून बसली, पेन्सिलीला टोक केलं.

"पहिलं काम मिळालं, बाबा. पन्नासाव्या वर्षाचं खास कुलूप. आत्याच्या डब्यावर होतं, ते. साहेबांना हुबेहूब हवंय."

"पण ते नव्हतंच ना!"

"ते मला माहितेय. तुम्ही आठवा."

तेव्हापासून मी आठवतोय. गोल आठवलं, परत आलं. पितळेचं आठवलं, परत आलं. हृदयाच्या आकाराचं आठवलं, तेव्हा साहेब म्हणे दुखावले. पाचवा आराखडा काल परत आला. समासात त्यांच्या थरथरत्या अक्षरात शेरा आहे: 'आता जवळ आलात. पण किल्लीचं भोक डावीकडे होतं.'

खरंच की! मी ते उजवीकडे का आठवलं, कोण जाणे!