बापटकाकांचा आंबट कोबी

बेडोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टचं दार उघडलं, की आकडा न बघताही कळायचं, बापटकाकांचा मजला आला. आंबलेल्या कोबीचा वास थेट स्वागताला यायचा.

मी शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याच दिवशी काका वाटीभर पांढरट, बारीक चिरलेला कोबी घेऊन हजर.

"अय्या, साउअरक्राउट ना?" मी कौतुकाने विचारलं. वाटी अर्ध्यावरच थांबली.

"झाउअरक्राउट! झाडातला झ, सापातला स नव्हे. झाउअर म्हणजे आंबट, क्राउट म्हणजे पाला. म्हण बघू."

मी म्हटलं. मग वाटी मिळाली.

काकांची अर्धी नोकरी हॅम्बुर्गच्या गोदीत झाली, उरलेली इथल्या. काकू गेल्यापासून एकटेच असत. जर्मनीहून आणलेल्या मातीच्या बरणीत ते कोबी नि मीठ दाबून दाबून भरायचे आणि वर दगड ठेवायचे. "फक्त मीठ! यात व्हिनेगर ओतणारा माणूस कशातही फसवेल." तिकडच्या थंड तळघरात महिना-दीड महिना घेणारा हा प्रकार इथल्या उकाड्यात आठवड्याभरातच आंबायचा आणि पुढे थांबायचं नावच घ्यायचा नाही.

लिफ्टपाशी गाठ पडली, की इतिहास ऐकावा लागे. पूर्वी जहाजांवर हा कोबी पिंपं भरभरून नेत, म्हणून खलाशांच्या हिरड्या शाबूत राहायच्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला शत्रूचा शब्द नको झाला, तर त्यांनी याला 'लिबर्टी कॅबेज' करून टाकलं. "स्वातंत्र्य-कोबी! नाव बदललं, वास बदलला का?" काका विचारायचे. आमच्या नाकांना उत्तर ठाऊक होतं.

समोरच्या टॅन आंटींचं आणि त्यांचं मात्र रोजचं भांडण. "सेम सेम लाइक माय किआम चाय, लाह!" किआम चाय म्हणजे आंटींची खारवलेली मोहरीची भाजी. "नॉट सेम!" काका ओरडायचे. मग दोन्ही दारं धाडकन लागायची.

एका शनिवारी सकाळी आंटींनी माझी बेल वाजवली. चेहरा पांढराफटक.

"अंकल नेव्हर कम आउट, टू-थ्री डेज. अँड द स्मेल..."

मी काकांच्या दाराशी गेले. हा वास नेहमीचा नव्हता. दार बडवलं, मोबाइल लावला, तर तो आतच वाजत राहिला. एकटा म्हातारा माणूस, बंद दार. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंच टाळत होतो. शेवटी पोलिसांना फोन केला. त्यांनी बोलावलेला माणूस कुलूप उघडेपर्यंत आंटींनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की त्यांची हिरवी बांगडी माझ्या मनगटात रुतली.

आत कुणीच नव्हतं. पलंग नीट आवरलेला. स्वयंपाकघरात मात्र बरणी फुटून कोबी फरशीभर पसरला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या.

"धिस वन फूड, आह?" पोलिसाने नाकावर रुमाल धरून विचारलं.

"झाउअरक्राउट," मी म्हटलं आणि हसता हसता रडायलाच लागले.

तेवढ्यात लिफ्टमधून काका अवतरले. गळ्यात मफलर, दोन्ही हातांत कोबीच्या पिशव्या. थंड हवेतला घट्ट गड्डा इथे मिळत नाही, म्हणून बसने थेट मलेशियातल्या कॅमेरन हायलँड्सला जाऊन आले होते! फोन घरीच विसरला होता.

दाराशी पोलीस बघून ते घाबरले. "काय झालं? कोण गेलं?"

"यू!" प्रश्न न कळताही टॅन आंटी ओरडल्या आणि त्यांच्या दंडावर धपाधप मारत सुटल्या. "गो, नेव्हर टेल!"

काकांनी पिशव्या हळूच खाली ठेवल्या. "सांगायचं कुणाला?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "ही होती तेव्हा दूध आणायला निघालो तरी सांगून जायचो. नंतर वाटलं, आता कोण वाट बघतंय."

आंटींना यातलं अक्षरही कळलं नाही. त्या बादली नि झाडू घेऊन आल्या आणि सरळ काकांच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

त्यानंतर काका कुठेही निघाले, की आम्हा दोघींच्या दारांवर टकटक करू लागले. अगदी रविवारी भल्या सकाळीसुद्धा. "खाली जातोय गं, पाव आणायला."

"या हं काका," मी डोळे चोळत म्हणायची.

"कम बॅक व्हॉट टाइम?" समोरून आंटी दरडावायच्या.

काका शहाण्या मुलासारखी वेळ सांगायचे, आणि त्याआधीच परत यायचे.