शंभर टक्के केळं

"आजपासून बाटलीतला एक थेंबसुद्धा माझ्या डोक्याला लागणार नाही!" भिंगताईंनी सकाळी सात वाजता न्हाणीघरातून जाहीर केलं आणि चार बाटल्या धडाधड कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"अगं, त्यातली एक माझी आहे!" नवरा गालावरचा फेस सांभाळत ओरडला.

"होती!"

भिंगताई लेबलं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. डोळ्याला सतत भिंग, म्हणून हे नाव पडलेलं. दोन महिने त्यांचं डोकं असं खाजत होतं, जणू केसांत मुंग्यांचं संमेलन भरलंय! त्वचेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सुगंधी काही लावू नका." ताईंनी घरातल्या बाटल्या भिंगाखाली धरल्या. चारही बाटल्यांच्या पाठीवर, डासाच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'सुगंध'! त्यातल्या दोघींच्या पोटावर तर ठळक 'नैसर्गिक'!

मग त्यांनी तीन पिकलेली केळी काट्याने कुस्करली, वर चमचाभर तेल ओतलं आणि सगळं डोक्यावर थापलं. अर्ध्या तासाने धुतलं. केस काय मऊ झाले म्हणता! ओलेच बांधून ताई ऐटीत कामावर निघाल्या.

केस वाळायला लागले आणि केळं वर आलं. कुस्करताना निसटलेला एकेक कण केसाला बिलगून बसला होता, आणि वर काळा पडत चालला होता.

"ताई, डोक्यात काहीतरी चालतंय!" मशीनवाले काका दचकून मागे सरले.

"चालत नाहीये. केळं आहे ते!"

"केळं?" मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो, आत्ता शाम्पूवाले साहेब येतायत! रुमाल तरी बांधा!"

"का बांधू? चोरी केलीय का मी?"

तेवढ्यात साहेब आलेच. वर्षातलं सगळ्यात मोठं काम त्यांचं. ताईंनी मुद्रितावर सही केली की मशीन सुरू, अशी छापखान्याची रीत. साहेबांनी खुर्चीत बसता बसता ताईंच्या डोक्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"बाईंना फारच कोंडा दिसतोय. तोही काळा!"

मालकांना वाटलं, हीच वेळ आहे लोणी लावायची. "छे छे, साहेब! गेली दोन वर्षं त्या फक्त तुमचाच शाम्पू वापरतात!"

साहेबांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईने फोन लावला. "गोदामातून एक बाटली बाहेर काढू नका! लोकांच्या डोक्यावर काळं काहीतरी उगवतंय!"

"ठेवा तो फोन!" ताई म्हणाल्या. मालक मागून डोळे मिचकावत होते, हात जोडत होते, पण ताई कसल्या ऐकतायत! "मी तुमचा शाम्पू वापरत नाही. हे केळं आहे."

साहेबांच्या जिवात जीव आला आणि लगेच रागही आला. "आणि का वापरत नाही?"

"कारण मी तुमचं लेबल वाचलंय!" ताईंनी मुद्रित उचललं. "समोर काय, तर 'शंभर टक्के नैसर्गिक'. मागे तेवीस नावं. कोरफड एकविसावी! आणि हा 'सुगंध'. एवढ्याशा शब्दात काय काय कोंबलंय, सांगा बरं!"

"सगळेच तसं लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून मी सही करू?"

"भिंगताई," मालक दातओठ खात म्हणाले, "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बारा वर्षांची नोकरी! पण त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर असं आपटलं, की मानेला हिसका बसला आणि केसांतला एक काळा कण टप्पकन लेबलावर पडला. नेमका 'नैसर्गिक' या शब्दावर!

मशीनवाले काका वाकून बघत म्हणाले, "चला, एक तरी नैसर्गिक वस्तू आली लेबलावर!"

मालकांनी काकांकडे डोळे वटारले. आणि एकदम साहेब हसायला लागले. डोळे पुसेपर्यंत हसले. "काढा ते शंभर टक्के नैसर्गिक," ते म्हणाले. "'कोरफडयुक्त' लिहा. हे तरी खरं ना, बाई?"

"तेवढं खरं," म्हणत ताईंनी सही ठोकली.

"आता घरी जा आणि डोकं धुवा," मालक घाम पुसत म्हणाले. "पगारी रजा!"

ताईंनी तीनदा धुतलं. केळं जागचं हललं नाही. शेवटी नवरा बारीक दातांची फणी घेऊन खिडकीपाशी बसला आणि एकेक कण वेचू लागला. ताई मात्र साहेब समोर बसल्यासारख्या अजून त्यांच्याशीच भांडत होत्या.

"झालं समाधान?" दोन तासांनी तो म्हणाला. "आता तरी आणू का एखादी बाटली?"

"मुळीच नाही! पुढच्या रविवारी पुन्हा केळंच!" ताई कडाडल्या. फणी केसांत अडकली तशी कळवळल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "फक्त मिक्सरमधून काढून."