बुधवारची परेड

आमच्या रस्त्यावर बुधवारी कचऱ्याची गाडी येते. ती यायच्या आधी घाडगेकाका येतात. अंगात पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, पायात मात्र जावयाचे जांडल्स, म्हणजे रबरी सपाता. प्रत्येक घरापुढचे लाल आणि पिवळ्या झाकणांचे डबे ते एका ओळीत आणतात, मग टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघतात आणि परेडमधला ओळ सरळ करायचा हुकूम पुटपुटतात, "दाहिने सज." देश सोडून इथे हॅमिल्टनमध्ये नवी आले तेव्हा मला वाटलं, कौन्सिलनेच हा माणूस नेमलाय.

काका सातारा जिल्ह्यातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगी-जावई इथे इंजिनिअर, म्हणून हेही इथे. जगाचे त्यांनी दोनच भाग केलेत, लाइनीतले आणि ढिले. माझ्या पोळ्या लाइनीतल्या, माझा नवरा ढिला. माझ्या मुलाने एकदा विचारलं, "आजोबा, व्हाय डू यू केअर हाऊ बिन्स स्टँड?" काका म्हणाले, "बाळा, आज डबा वाकडा उभा राहिला तर उद्या माणूस राहतो." मुलगा म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास'. ते काकांना इतकं पटलं की आता आरती संपल्यावरही ते देवाकडे बघून स्वीट ॲज म्हणतात.

एकाच घराच्या डब्यांना त्यांना कधी हात लावावा लागला नाही. कोपऱ्यावर शिवराजा राहतात, श्रीलंकेतले तमिळ, 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात कामाला. त्यांचे डबे आधीच सरळ रेषेत असायचे. काका त्यांना 'राजे' म्हणतात. राजेंना हिंदी येत नाही, काकांचं इंग्लिश हुकूम सोडण्यापुरतं. तरी रविवारी दोघं पायरीवर चहा घेत तासभर बसतात. काय बोलतात, देव जाणे.

उन्हाळ्यात आमच्या रस्त्याचं बार्बेक्यू होतं. तिथे काकांनी राजेंच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "धिस मॅन, सोल्जर. सी हिज बिन्स." त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजे म्हणाले, "नो, नो. ओन्ली मिल्क पावडर," आणि हातातली प्लेट तशीच ठेवून घरी गेले.

हिवाळ्यात कळलं, राजेंवर खटला भरलाय. खूप वर्षांपूर्वी इथे येताना 'सैनिकी सेवा केली आहे का' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. खरं तर शाळेत जायच्या वयात तिकडच्या तमिळ लढवय्यांनी त्यांना उचलून नेलं होतं आणि हातात बंदूक दिली होती. दोषी ठरले तर इथलं नागरिकत्व जाणार, म्हणजे घर, नोकरी, सगळंच. त्यांच्या वकीलबाईंनी परोपरीने सांगितलं की नाव जुन्या कागदपत्रांत सापडलं, बार्बेक्यूचा काही संबंध नाही. काकांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनाने ते घेतलं नाही. बाईंनी आणखी एक सांगितलं. त्याच युद्धात सरकारी बाजूने लढलेल्या काहींनीही 'नाही' लिहिलंय, पण त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. नोटिसा येतात त्या तमिळांनाच.

"मी पण होतो तिथं," काका मला म्हणाले.

"कुठे?"

"श्रीलंकेत. शांतिसेनेत आमची पलटण गेली होती."

"म्हणजे तुम्ही आणि राजे समोरासमोर?"

"पहिल्या चहालाच कळलं. एका गावाचं नाव निघालं. दोघं गप बसलो. मग दुसरा कप घेतला. फौजीनं हे लपवायचं असतं, हे मला काय ठाऊक?"

त्यांनी साक्ष द्यायचं ठरवलं तेव्हा मुलगी घाबरली. "बाबा, तुमचाच इथे कायम राहायचा रेसिडन्स व्हिसा अजून व्हायचाय. यात पडू नका." काका मेडल्स लावून कोर्टात गेले. दुभाषी मी.

"बाईसाहेब, माझ्या फॉर्मात हाच प्रश्न होता," ते न्यायाधीशांना म्हणाले. "मी 'हो' लिहिलं, तर साहेबांनी मला थँक यू म्हटलं. आम्ही दोघं एकाच रानात होतो. मी राजीखुशीनं गेलो, मला मेडल. ह्या पोराला उचलून नेलं, ह्याला समन्स. लाइनीत उभं करायचं तर सगळ्यांना करा, न्हाईतर कुणालाच नको."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. न्यायाधीशबाई बराच वेळ लिहीत होत्या. निकाल अजून यायचाय.

पुढच्या बुधवारी खिडकीतून पाहिलं तर राजेंचे डबे वाकडे होते. एक रस्त्याकडे, एक झाडाकडे, झाकण अर्धवट उघडं. इतके वाकडे डबे मुद्दामच ठेवावे लागतात. आपण फौजेतले दिसू, याची आता त्यांना भीती वाटत होती. मला फार वाईट वाटलं.

काका तिथे पोचले. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग परत फिरून स्वतःच्या दारात आले आणि आपले दोन्ही डबे वाकडे केले. मग शेजारच्यांचे. मग त्याच्या पुढच्या घराचे. आमच्या दाराशी आले तेव्हा मी बाहेर गेले.

"काका, हे काय?"

त्यांनी आमचा लाल डबा तिरका केला आणि बाहीने डोळे पुसले.

"एकट्या राजेंचे वेगळे दिसायला नकोत."