काळी की तांबडी

फुलझेले काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या पायात काळा बूट होता आणि उजव्या पायात तपकिरी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून ते तसेच ऑफिसला निघाले होते. माझी नजर खाली गेलेली पाहून ते शांतपणे म्हणाले, "दोन कंपन्यांचे आहेत. आठवडाभर चालून बघतो. दोघांनाही संधी मिळाली पाहिजे ना!"

काळा जिंकला. हरलेला जोड मला मिळाला, आणि दिल्लीतली माझी पहिली नोकरी मी त्याच बुटांवर मिळवली.

काका म्हणजे माझ्या बाबांचे नागपूरच्या हॉस्टेलमधले मित्र. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी मुनिरक्यात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. "पोरगं एकटं आहे, जरा लक्ष ठेव," एवढंच बाबा फोनवर म्हणाले होते. काकांनी ते वरून आलेल्या आदेशासारखं मनावर घेतलं. दर रविवारी जेवायला सरोजिनी नगर!

निवड करणं हे काकांचं दुखणं. दोन हातांत दोन दुधी घेऊन ते इतका वेळ उभे राहत की भाजीवाला हात जोडायचा, "बाबूजी, दोनों ले जाओ, पर जाओ." काकू सांगायच्या, "मला बघायलाही हे पुन्हा पुन्हा आले. शेवटी माझ्या वडिलांनी विचारलं, तुम्ही मुलगी बघायला येता की पोहे खायला?"

"पोह्यांचाही विचार करावाच लागतो," काका गंभीरपणे म्हणायचे.

या माणसाने मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. साधीसुधी नव्हे, क्रूझर. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची. रिटायरमेंट जवळ आली होती, दिल्लीतल्याच द्वारका भागात सोसायटीत फ्लॅट तयार होत होता आणि तिकडचे नवे रस्ते बघून काकांचं डोकं फिरलं होतं. "एवढ्या रुंद रस्त्यावर स्कूटर चालवायची म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये एकट्याने जेवायला बसल्यासारखं वाटतं रे!" स्कूटरसाठी नंबर लावून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आता मात्र दुकानदारच हाताला धरून आत नेत होते, कोल्ड्रिंक पाजत होते. काकांना हा बदल फार आवडला होता.

गुडगावच्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये दोन गाड्या त्यांच्या मनात भरल्या. एक काळी, एक तांबडी. काळीवर बसलं की लोडाला टेकल्यासारखं वाटायचं. तांबडीला मागच्या माणसासाठी पाठ टेकायची सोय होती. झालं! दर रविवारी जेवण आटोपलं की मला स्कूटरवर मागे घालून काका शोरूमला. तिथे ते काळीवर डोळे मिटून बसत. मग तांबडीवर डोळे मिटून बसत. मग मला बसवत आणि लांब उभे राहून मान तिरकी करून बघत.

विकी नावाचा टाय लावलेला सेल्समन सुरुवातीला धावत यायचा. पुढे पुढे नुसता दुरून विचारायचा, "अंकल, फायनल?"

"बेटा, मामला विचाराधीन है."

असे किती रविवार गेले कोण जाणे. परतताना आम्ही कुठेतरी चहा प्यायचो. काका मला ऑफिसचं विचारायचे, घरचं विचारायचे, जेवतोस का नीट म्हणायचे. त्या परक्या शहरात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग एका रविवारी मी गेलोच नाही. अंगात ताप होता, पोटात अन्न ठरत नव्हतं, उठून खाली जायचं त्राण नव्हतं. खोलीत फोन नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो.

पुढचं मला विकीने सांगितलं. मी परस्पर शोरूमला गेलो असेन असं वाटून काका तिथे आले. मी तिथेही नव्हतो. काकांनी ट्रायलसाठी काळी काढली, विकी मागे बसला. वळायच्या जागी काका वळलेच नाहीत.

"अंकल, यू-टर्न!"

"बेटा, एक मिनट का काम है."

ते एक मिनट मुनिरक्यात माझ्या दारात संपलं. काकांनी माझी पापणी वर करून बघितली. डोळे हळदीसारखे पिवळे. ज्या माणसाला दोन दुधींतला एक ठरवता येत नव्हता, त्याने क्षणभरही विचार केला नाही. मला उचलून जिन्याने खाली आणलं. "विकी, पकड़ इसको पीछे से!" पुढे काका, मधे मी, मागे टाय उडवत विकी. चौकात पोलिसाने शिट्टी मारली तर काका न थांबता ओरडले, "पेशंट है, भैया! चालान बाद में!"

कावीळ चांगलीच वाढली होती. अजून एक-दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलमधून काकांनी मला सरळ आपल्या घरी नेलं. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत पडून होतो आणि काकू मला मऊ भात भरवत होत्या.

एकदा काका बाजारात गेलेले असताना काकू म्हणाल्या, "तुला एक सांगू? तांबडी घ्यायची हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. घरी येऊन मला सांगितलंसुद्धा."

"मग इतके दिवस?"

काकू उसाचा रस गाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "गाडी घेतली की तू कशाला येशील, असं वाटायचं त्यांना. आम्हाला मूलबाळ नाही. तरुण पोराला नुसतं ये म्हणायला संकोच वाटतो, त्याची कामं असतील म्हणतात. काम असलं म्हणजे बोलावता येतं."

मी उठून बसलो आणि पेला गाळणीखाली धरला.

मी बरा झाल्यावर तांबडी घरी आली. विकीने स्वतः हार घातला आणि सुटकेचा श्वास सोडला. काकूंनी पेढे वाटले. संध्याकाळी काकांनी मला गाडीवरून मुनिरक्याला आणून सोडलं. मी उतरलो. ते निघाले नाहीत. हँडलवर नसलेली धूळ रुमालाने पुसत राहिले.

"पुढच्या रविवारी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "काही बघायला वगैरे जायचं नाहीये." मग रुमाल खिशात ठेवला. "तरी ये."