चाळीस तासांचा दाखला

"चाळीस तास? चष्म्याच्या दुकानात? झोपेत करीन," असं ती आईला सांगून निघाली होती.

दहावीच्या मुलांनी प्रत्यक्ष काम शिकावं म्हणून शाळेनं त्यांना शहरभर वाटून टाकलं होतं. शिकवायचं कुणी, हे परिपत्रकात नव्हतं. चाळीस तासांचा दाखला नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, हे मात्र ठळक अक्षरांत होतं.

पहिले पस्तीस तास तिनं काचा पुसल्या. दाराच्या, कपाटाच्या, आरशाच्या. शेवटच्या दिवशी चष्मेवाले काका जेवायला गेले आणि तिला वाटलं, जाता जाता नाव काढावं. खणात दुरुस्त होऊन त्याच दिवशी द्यायचे तेवीस चष्मे होते, प्रत्येक आपापल्या पाकिटात, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव. तिनं सगळे बाहेर काढले, साबणानं धुतले आणि ओळीनं वाळत घातले. पाकिटं कळकट होती, ती कचऱ्याच्या गाडीत टाकली. गाडी वेळेवर आली होती. त्या शहरात तेवढी एकच गोष्ट वेळेवर यायची.

काका परतले. चष्मे लखलखत होते, काका विझले.

"नावं कुठायत?"

"कुणाची?"

काका मटकन स्टुलावर बसले. नंबर मोजायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलं होतं. "आता ज्यानं त्यानं घालून बघायचं. लोकांना तूच तोंड दे. दाखल्याचं मग बघू."

पहिली आली शिवणकाम करणारी मावशी. तिनं पिशवीतून सुईदोरा काढला. सातव्या चष्म्यातून दोरा बरोबर ओवला गेला. मग तो चष्मा खाली ठेवून सोनेरी काड्यांचा उचलून ती निघाली.

"मावशी, दिसतंय का त्यातून?"

"मला नाही दिसलं तरी चालेल. जाऊबाईंना मी दिसले पाहिजे."

पुढच्यांनीही तोच धडा गिरवला. पाच वाजता एकच चष्मा उरला, बाटलीच्या बुडासारखा, आणि दारात शाळेचे सर. हातात दाखला, खिशात शिक्का.

"माझा चष्मा झाला ना?"

तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे. तिनं उरलेला चष्मा पुढे केला.

"जरा भोवळ आल्यासारखं होतंय," सर म्हणाले.

"सवय होईल," काका म्हणाले.

सरांनी दाखला नाकाला लावून भरला, सही ठोकली, शिक्का मारला. जाताना आरशातल्या गृहस्थांना "तुम्ही आधी" म्हणून दोन मिनिटं थांबले.

तिनं दाखला वाचला. विद्यार्थ्याच्या ओळीत काकांचं नाव होतं, दुकानमालकाच्या ओळीत तिचं. शेरा: विद्यार्थी होतकरू आहे. तळाला छापलं होतं, खाडाखोड केल्यास दाखला बाद. दुसरा हवा तर चाळीस तास पुन्हा.

"म्हणजे माझे तास?"

"माझ्या नावावर जमा." काकांनी दाखला गल्ल्यामागे खिळ्याला अडकवला, लांब उभं राहून न्याहाळला. "सोमवारपासून ये परत."

"किती वाजता?"

काकांनी शटरची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ते मालकानं ठरवायचं. विद्यार्थी अकराला येईल."