चेकर नंबर चौदा

हिलालनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका व्हॉलीबॉल कोचच्या बाहीवर ओला रुमाल घासत होते.

प्रसंग उद्घाटनाचा होता. पार्टी प्लॉटवर मांडव, मांडवात सोफा, सोफ्यावर पाहुणे आणि पाहुण्यांच्या मागे 'राष्ट्रीय पातळीचं निवड शिबिर' असा फलक. राष्ट्रीय म्हणजे सुरतेतल्या उधन्याच्या तीन सोसायट्यांतली मुलं होती. कोच भाषण आटोपून खाली उतरला तसे हे गृहस्थ पुढे झाले, बाटलीतलं पाणी पांढऱ्या रुमालावर ओतलं आणि त्याचा दंड धरून निळ्या टी-शर्टवर तो दहा वेळा घासला. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होते. "काका, शुं करो छो?" असं कोचनं विचारलं खरं, पण हात काही सोडवून घेतला नाही. नानांचा चेहराच असा सरकारी की हाही कार्यक्रमाचा भाग असावा असं त्याला वाटलं. मग नानांनी रुमाल उजेडात धरला. तो निळा झाला होता. शेजारी मी उभा होतो, म्हणून निकाल मला मिळाला.

"रंग सुटस," ते अहिराणीत म्हणाले आणि आपल्या मुलीला घेऊन घरी गेले.

मी उधन्यात एका मराठी शाळेत भूगोल शिकवतो. खेळाचे शिक्षक निवृत्त झाले, नवे कोणी आले नाहीत आणि त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. खेळाच्या कोट्यातून दोन-चार मुलं कॉलेजात गेली तर बरं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी त्यांना कुठल्या कॅम्पला पाठवायचं हे ठरवायची माझी रीतही सोपी होती. ज्याचा फलक मोठा, तो कॅम्प चांगला. त्या कॅम्पला माझी चार मुलं राहिली. तिसऱ्या दिवशी चौघांच्या माना निळ्या झाल्या. महिनाभरात एकाही कॉलेजचा माणूस तिकडे फिरकला नाही. सर्टिफिकेटं मात्र पहिल्याच दिवशी वाटून झाली होती.

तेव्हा मी नानांचा पत्ता शोधला. ते आमच्याच मागच्या गल्लीत निघाले. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते कापड तपासायला होते, सव्वीस वर्षं. काचेच्या टेबलाखाली दिवे, वरून कापड सरकतं, आणि डाग दिसला की चेकरनं खडूनं खूण करायची. टी-शर्टच्या रंगावरून कोच कसा कळला, असं मी विचारलं. नानांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

"सर, जो माणूस पोरेसले घाम गाळाले बलावस आनि घामवर रंग सुटनारा टी-शर्ट देस, त्यानी घामना इचारच कया नही."

दुसऱ्याच दिवशी मी कॅम्पच्या फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्याकडे नेऊन दिला.

त्यानंतर मी भूगोलापुरता उरलो. कॅम्प नाना बघत. मिलला सुट्टी असेल त्या वारी मोटरसायकलवरून निघायचे. खिशात रुमाल, खडू आणि धागे मोजायचं भिंग. भिंगाचा मैदानावर काय उपयोग, ते मला कधी समजलं नाही, पण त्यांच्या हातात ते पाहिलं की संयोजकाला घाम फुटायचा. नाना कोचशी बोलतच नसत. नेट बांधणाऱ्याशी बोलत, बाहेरच्या चहावाल्याशी बोलत. गेल्या वर्षीची मुलं कुठे गेली, नावं सांग म्हणत. एका बॉलमागे किती पोरं, हे स्वतः मोजत. आणि बाहेरून जो बडा माणूस येणार त्याच्याबद्दल एकच प्रश्न असे: "तो उभा राहस का बठस?" पोरं निवडायला आलेला माणूस कोर्टाच्या कडेला वही घेऊन उभा राहतो, सत्काराला आलेला बसतो आणि गुच्छ मिळाला की उठतो, हे त्यांचं शास्त्र. मैदानावर सोफा दिसला की ते मोटरसायकलवरून उतरतही नसत.

हे शास्त्र त्यांनी खेळापुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. सोसायटीचा नवा चेअरमन, कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर, माझ्या भाचीला सांगून आलेला मुलगा, सगळ्यांचा निकाल 'रंग सुटस' याच दोन शब्दांत लागला. त्या मुलाच्या बाबतीत त्यांनी खरंच रुमाल काढला होता. मी मध्ये पडलो.

पण कॅम्पच्या बाबतीत माणूस चुकला नाही. नवसारीच्या रस्त्याला एका जुन्या शाळेच्या मैदानावर त्यांनी एक कॅम्प शोधून काढला. फलक नाही, टी-शर्ट नाही, सर्टिफिकेटाचं नाव काढलं की कॅम्प चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका चिडायच्या. त्यांनी नानांना चहासुद्धा विचारला नाही. बारा मुली, आठ बॉल, आणि कडुलिंबाखाली परगावच्या कॉलेजांतल्या दोघी बाई दिवसभर उभ्या, हातात वह्या. नाना आले आणि मला म्हणाले, "पास." तीन वर्षांत आमच्या शाळेच्या चार मुली त्या मैदानावरून बडोद्याला आणि पुण्याला कॉलेजात गेल्या. पेढे नानांच्या घरी यायचे. ते पेढाही उजेडात धरून बघायचे आणि मग खायचे.

चौथ्या वर्षी तेजलचा नंबर आला. तेजल नानांची मुलगी, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या हातून गेलेल्या सगळ्या मुलींत खेळायला सरस. त्यात माझं श्रेय काही नव्हतं. रोज संध्याकाळी गच्चीवर नाना तिला बॉल टाकायचे, दोनशे मोजून. मोजणी चुकली की पहिल्यापासून. घरात दोघंच असत. नानांची बायको सासूच्या आजारपणामुळे वर्षातले आठ महिने गावी धुळ्याकडे, मोठा मुलगा सुरतेजवळच हजीऱ्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये.

त्या वर्षी नानांना कुठलाच कॅम्प पसंत पडेना. एका ठिकाणी पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं. दुसऱ्या ठिकाणचा कोच च्युइंगम खात होता. उरला नवसारी रस्त्यावरचा. तिथे त्यांनी गवंड्याची पाणसळ नेली आणि मैदान पूर्वेकडे उतरतं, असा शोध लावला. तीन वर्षं त्यांनीच पास केलेलं मैदान चौथ्या वर्षी उतरायला लागलं होतं. पुण्याच्या कॉलेजच्या बाई यंदा येणार होत्या, आणि तेजलचं बारावीचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही.

ती माझ्याकडे आली. "सर, तुम्ही समजावा ने पप्पांना. फॉर्म भरायला बेच दिवस राहिले. सही नाही करत, नुसतं रंग सुटस रंग सुटस करतात." एवढं बोलून तिनं फॉर्म माझ्या हातात दिला आणि डोळे पुसत निघून गेली.

मी तडक पांडेसऱ्याला गेलो. नानांना चांगलं फैलावर घ्यायचं, असं रिक्षात ठरवलं होतं. ते टेबलाशी उभे होते. खालून उजेड, वरून केशरी कापड सरकत होतं. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो न बघता भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ताग्यांच्या दोन थप्प्या होत्या, पास झालेली छतापर्यंत, खडू लागलेली गुडघ्याएवढी.

"हाई मोठी थप्पी जास," ते म्हणाले. "कोठे जास, माले माहीत नही. चांगला तागा परत येत नही, सर. परत येस तो डागवाला."

मी म्हटलं, तुमचा मुलगा तर इथे हजीऱ्याला आहे.

"तो बी मीच पास कया व्हता," नाना म्हणाले. "दिवाळीले उना, जेवना, गया."

मला फार वाईट वाटलं. फैलावर घेणं राहूनच गेलं. भूगोलाच्या मास्तराला सुरत ते पुणे किती किलोमीटर ते सांगता येतं, तेवढंच. कापड सरकत होतं आणि त्यावर एकही डाग नव्हता. तेच बघत मी सहज विचारलं, "नाना, डाग नसताना खडू मारता येतो का हो?"

ते एकदम ताठ झाले. तीस वर्षांत स्वच्छ कापडावर आपण एकदाही खडू लावलेला नाही, असं त्यांनी मला चढ्या आवाजात ऐकवलं. ऐकवता ऐकवता त्यांची नजर माझ्या हातातल्या फॉर्मवर गेली. मग मशीन थांबवलं, फॉर्म घेतला, दिव्यावर धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सही केली. सहीखाली सवयीनं 'पास' लिहिलं. ते मी नंतर खोडरबरानं पुसायला बघितलं, पण पेनानं लिहिलं होतं.

पुण्याच्या बाई दिवसभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तेजलला निवडलं.

जूनमध्ये स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. नाना बॅगेच्या चेनी तपासत होते. तपासता तपासता त्यांनी खिशातून एक छापील चिठ्ठी काढली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवली. मिलमधून जाणाऱ्या प्रत्येक ताग्यात ती असते: तक्रार असल्यास ही चिठ्ठी मालासोबत परत पाठवावी, चेकर नं. १४. मी पाहिलं हे त्यांना दिसलं. "नियम शे," ते म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत तेजल आली. मी फराळाचा डबा द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो, म्हणून हे मला पाहायला मिळालं. तिनं चपला काढल्या, बॅग ठेवली आणि ती चिठ्ठी नानांच्या हातावर ठेवली. घडीवर घडी घालून ती मऊ पडली होती.

नानांनी विचारलं, "तक्रार?"

"काहीच नही."

नानांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून दोनदा वाचली. तक्रार नसेल तर माल परत घेता येत नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं. मग कपाटामागून पंप काढला आणि बॉलमध्ये हवा आहे का ते बघायला गच्चीवर गेले.