उलांडीवरचे अंडे

"ऊन डोक्यावर यायच्या आत पलीकडच्या किनाऱ्यावरून मारायाच्या बापाचा होकार घेऊन परत येतो!" अशी घोषणा करून कायेया पहाटे किनाऱ्यावर आला आणि जागच्या जागी थिजला. वडिलांनी बांधून दिलेल्या त्याच्या नव्या होडीच्या उलांडीवर, तोल सांभाळणाऱ्या बाजूच्या दांड्याच्या एवढ्याशा खाचेत, अंडे होते! घरटे नाही, काडी नाही. नुसते अंडे, आणि त्यावर मिठासारखी शुभ्र सुरय पक्षीण. ती अशा निवांतपणे बसली होती, की होडी जणू तिच्याच आजोबांनी बांधली असावी!

"मामा, घात झाला!"

बारानिकोमामा वाकून पाहू लागले. "अंड्याला हात लावायचा नाही. आपल्या बेटाची रीत आहे."

"आज गेलो नाही तर मारायाचा बाप तेबाओ तिचं लग्न दुसरीकडे ठरवणार! दुसरी होडी?"

"सगळ्या मासेमारीला गेल्यात. पण येड्या, अंडं हलवू नको म्हटलं. होडी हलवू नको असं कुणी म्हटलं?"

एरवी वाऱ्यावर उधळणारी ती होडी त्या दिवशी बाळंतिणीला न्यावे तशी निघाली. प्रत्येक लाटेला कायेया शीड ढिले सोडी. दुसऱ्या गावच्या होडीतून वल्ही मारत दोन म्हाताऱ्या पुढे निघून गेल्या. "झोपलास का रे?"

दुपार कलताना तो पलीकडे टेकला. तेबाओंनी अंडे आणि त्यावर तशीच बसलेली सुरय पाहिली आणि आ वासला.

"हे घेऊन आलास? न फोडता?"

"हो."

"मग माझी पोर तुझ्या हाती सुखरूप राहील. दिली!"

कायेयाला उडी मारावीशी वाटली. अंड्याच्या धाकाने ती त्याने गिळली. "मग निघू?"

"कशात बसून? सुरय आता माझ्या किनाऱ्यावर आहे, आणि आमची रीत तुमच्याहून कडक. पिल्लू उडेपर्यंत होडी हलायची नाही. आणि जावईबापू, तोवर रिकामे बसणार?" तेबाओंनी माडी काढायचा कोयता त्याच्या हाती दिला.

तीन महिने कायेया सकाळ-संध्याकाळ माडी काढायला सासऱ्यांच्या माडांवर चढला. शेंड्यावरून त्याचे गाव पापणीच्या केसाएवढे दिसे, आणि त्याचा कोयता क्षणभर थांबे. लग्नही तिथेच लागले. अखेर एके सकाळी पिल्लू उडाले!

दुसऱ्या दिवशी चटया, भांडी, माराया, सारे किनाऱ्यावर आले. कायेयाने होडीत टाकायला पाय उचलला, आणि तो पाय तसाच अधांतरी राहिला.

खाचेत अंडे होते. ताजे!

मारायाने चटया खाली ठेवल्या.  तेबाओ कोयता दगडावर घासू लागले.